सल्ला हवाय: घरच्यांबरोबर बसून बघता येईल अशी अंतराळातली विनोदी सिरीज

टाकाळा_कॉर्नर:
मंडळी, एक मदत करा. रात्री जेवताना आमच्याकडं टीव्ही लागतोच आणि त्या सासू-सुनांच्या मालिकांचा आता घरात सगळ्यांनाच वीट आलाय. बघणारे तिघं, मी, पप्पा आणि नववीतला भाचा. पप्पांना सबटायटल चालतात, पण लई भराभर पळाली की ते उठून जातात. भाच्यानं २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना बघितलं तेव्हापासून त्याला यान आणि ग्रह याशिवाय दुसरं काय सुचत नाही. तर अंतराळयानावरची कॉमेडी पाहिजे, पण अंतराळाची पण गोडी लागंल अशी, नुसती टवाळकी नको. शिव्या आणि तसले सीन कमी असले तर बरं. आणि नुसती नावं टाकू नका राव, बघताना काय वाटलं ते लिहा.

शाहूपुरीकर:
भावा, 'रेड ड्वार्फ'. विषय संपला. बीबीसीची, १९८८ ला सुरू झालेली, एपिसोड अर्ध्या तासाचा. लिस्टर म्हणून यानावरचा सगळ्यात खालच्या हुद्द्याचा गडी, चोरून मांजर आणलं म्हणून त्याला शिक्षा होते, काळ थांबवणाऱ्या खोलीत कोंडतात आणि बाहेर येतो तर तीस लाख वर्षं उलटलेली, किरणोत्सर्गाची गळती होऊन यानावरचे सगळे मेलेले. सोबतीला कोण, तर ज्याच्याशी कधी पटलं नाही तो रूममेट रिमर, तो पण मेलेलाच, होलोग्राम करून परत आणलाय. शिवाय त्या मांजरीच्या वंशात उत्क्रांती होत होत तयार झालेला एक नटवा माणूस, आणि होली नावाचा यानाचा कॉम्प्युटर.

पहिल्याच एपिसोडला लिस्टर एकेकाचं नाव घेऊन विचारत सुटतो, हा कुठाय, तो कुठाय, आणि होली दर वेळी शांतपणे तेच उत्तर देतो की मेला. बोलता बोलता हा तिथं पडलेली पांढरी पूड बोटाला लावून चाखतो, ती कशाची ते त्याला मागनं कळतं. मी खदाखदा हसलो आणि लगेच पोटात खड्डा पडला. एवढ्या पसाऱ्यात माणूस एकटा उरला म्हणजे काय, ते मला कुठल्या गंभीर सिनेमानं इतकं जाणवून दिलं नव्हतं.

आणि लिस्टर आपल्यातलाच हाय, तिखट करीशिवाय त्याला जेवण जात नाही. 'डीएनए' एपिसोडला (१९९१) मटण विंदालूचाच राक्षस होऊन अंगावर येतो. कोल्हापूरच्या माणसानं तो चुकवायचा नाही म्हणजे नाही.

सातवी_गल्ली:
शाहूपुरीकर, सिरीज भारीच आहे, मी पण फॅन, पण त्यांनी पप्पांचं काय लिहिलंय ते बघा की. तो ब्रिटिश उच्चार आणि एकाला एक लागून येणारी वाक्यं, सबटायटल वाचेपर्यंत पुढचा जोक होऊन जातो. मी सांगतो, पप्पांसाठी 'द ऑर्विल' लावा. सेथ मॅकफार्लेनची, २०१७ ची. एपिसोड पाऊण तासाचा, दर भागाला नवी गोष्ट, आणि यानावरचे लोक अगदी ऑफिसातल्यासारखे बोलतात. कॅप्टनची घटस्फोटित बायकोच त्याच्या हाताखाली अधिकारी म्हणून येते. बोर्टस म्हणून एक आहे, त्याच्या जमातीला वर्षातनं एकदाच लघवीला लागते आणि त्यासाठी यान त्याच्या ग्रहाकडं वळवायला लागतं! तुमच्या भाच्याला हे पुरंल.

पण मला आवडली ती तिसऱ्या एपिसोडपासनं. बोर्टसच्या जमातीत सगळे पुरुषच जन्मतात असं मानतात आणि ह्याच्या घरी अंड्यातनं मुलगी निघते. मग जोडीदार म्हणतो ऑपरेशन करून मुलगा करून टाकू, बोर्टसचं मन बदलतं, खटला उभा राहतो. मी आणि सासूबाई मिळून बघितलो. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, मी थांबवून थांबवून सांगत होतो, तर मध्येच म्हणाल्या, "अगं हे परग्रहावरचं कुठलं, हे तर आमच्या गावातलं." मग त्यांच्या काळात कुणाच्या घरी चौथी मुलगी झाली तेव्हा काय काय झालं ते सगळं निघालं, एपिसोड राहिला बाजूला. निकाल काय लागतो ते सांगत नाही, पण त्या अजून त्या जजवर चिडून आहेत. कॉमेडी म्हणून लावलेल्या सिरीजनं हे केलं, म्हणून मला तिची एवढी माया आहे.

एक लक्षात ठेवा, दुसऱ्या सीझनचा दुसरा एपिसोड पप्पा आणि भाचा दोघं असताना लावू नका. नंतर एकट्यानं बघा.

मंगळवार_पेठ_फॅन:
ताईंशी सहमत, ऑर्विल आधी. पण भाच्यासाठी रेड ड्वार्फ ठेवाच, फक्त तिसऱ्या सीझनपासनं. पहिल्या दोन सीझनात सगळा सेट करडा, हालचाल कमी. तिसऱ्यात (१९८९) क्रायटन रोबोट कायमचा येतो आणि मग जी गाडी सुटती ती सुटतीच, नाद खुळा. त्यातला पहिला एपिसोड 'बॅकवर्ड्स', अशी पृथ्वी जिथं काळच उलटा चालतो, हॉटेलातली मारामारी पण उलटी, म्हणजे मारामारी होईल तशी मोडलेली खुर्ची जोडली जाती. भाचा चार वेळा मागं घेऊन बघणार. सहाव्या सीझनातल्या काउबॉयवाल्या भागाला १९९४ चा इंटरनॅशनल एमी मिळालाय, तो आमच्या ग्रुपचा लाडका.

शाहूपुरीकर:
तिसऱ्यापासनं कसं काय? लिस्टर एकटा आहे हेच बघितलं नाही तर पुढचं हसू पोकळ वाटतंय. निदान पहिला एपिसोड तरी बघूनच पुढं जावा.

सायबर_चौक:
मी फिजिक्स शिकवतो म्हणून दोन गोष्टी. ह्यू लॉरीची 'अ‍ॅव्हेन्यू ५' कुणी सुचवली तर घरच्यांसोबत टाळा, शिव्या फार. कल्पना मात्र जबरी, आठ आठवड्यांची अंतराळ सहल बिघाड होऊन तीन वर्षांची होते. हे सगळं खोटं आहे, आपण स्टुडिओतच आहोत असं म्हणत प्रवासी एकामागं एक दार उघडून बाहेर जातात आणि काचेपलीकडं गोठतात, तरी आतले मानायला तयार नाहीत. अफवेचं इतकं खरं चित्र मी दुसरीकडं बघितलं नाही. 'लोअर डेक्स' पण गोड आहे, पण 'स्टार ट्रेक' न बघितलेल्याला निम्म्या गमती कळत नाहीत, त्यामुळं ती नंतर.

भाच्याला ऑर्विलचा पहिल्या सीझनचा चौथा भाग दाखवा. दोन हजार वर्षं भरकटलेलं अवाढव्य यान, आत शेतं, गाव, आणि लोकांना आपण यानात आहोत हेच माहीत नाही. शेवटी छप्पर उघडतं आणि त्यांना जन्मात पहिल्यांदा तारे दिसतात. आणि बारावा, तिथं एका ग्रहावर आपल्या अकरा दिवसांत सातशे वर्षं जातात. त्यावर पोरगं प्रश्न विचारंल, तिथं थांबा आणि बोला. जोडीला नारळीकर सरांच्या विज्ञानकथा हातात द्या, सरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा, हे पण सांगा त्याला.

टाकाळा_कॉर्नर:
सगळ्यांचे आभार! ऑर्विल सुरू केली. पप्पा चौथ्या भागाला जागचे हलले नाहीत, छप्पर उघडल्यावर भाच्याला म्हणाले, "ह्यांना अमावस्या-पौर्णिमा काय माहीत नसंल की रं." मग दोघांचं त्यावरच चाललं, तिथं दिवस कसा मोजत असतील म्हणून. आता तिसऱ्या भागातल्या त्या मुलीचं पुढं काय होतं ते पप्पांना आत्ताच पाहिजे, थेट तिसरा सीझन लावू का?

सातवी_गल्ली:
लावू नका! तिची गोष्ट तिसऱ्या सीझनात येते हे खरं, पण मधल्या सीझनात आठवा-नववा 'आयडेंटिटी' हा जोडभाग आहे, आयझॅक रोबोटचा, तो चुकला तर तिसरा सीझन पहिल्या भागापासनंच कळणार नाही. आणि तिसऱ्याचे एपिसोड तासाच्या वर जातात, जेवणाच्या वेळेत बसत नाहीत, ते रविवारी दुपारी लावा.