‘पॉवर’ आणि ‘कंट्रोल’ एकाच केबलमध्ये असतील, तर तिला मराठीत काय म्हणावे?

मूळ प्रश्न (भाषांतरकार, पुणे)
एका कार्यालयीन इमारतीत डाली पद्धतीचे (DALI, म्हणजे अंकीय संदेशांनी मंद-प्रखर होणारे) दिवे बसत आहेत आणि वायरमनसाठीच्या सूचनांचे मराठी भाषांतर माझ्याकडे आहे. ज्या केबलमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या जोडीला दिवे मंद-प्रखर करण्याच्या दोन तारा एकाच आवरणात असतात, तिला मी ‘वीज व नियंत्रण संयुक्त केबल’ म्हटले. तपासनिसांनी ‘वीज’ खोडून ‘शक्ती’ केले, तर साइटवरच्या सुपरवायझरांनी सगळेच खोडून ‘पॉवर-कंट्रोल केबल’ असे लिहिले. यांपैकी काय ठेवावे?

प्रतिसाद (विद्युत ठेकेदार, नाशिक)
‘शक्ती’ नकोच, पण ‘पॉवर’ही जपून वापरा. आपल्याकडे पंखा-ट्यूबचा ६ अँपिअरचा तो ‘लाइट पॉइंट’ आणि गिझर-एसीचा १६ अँपिअरचा तो ‘पॉवर पॉइंट’ अशी जुनी जोडी आहे. त्यामुळे ‘पॉवर’ ऐकताच आमची मुले ४ चौरस मिलिमीटरची वायर काढतात, आणि दिव्यांच्या या कामाला दीडची लागते. आम्ही या केबलला सरळ ‘फाइव्ह कोअर’, म्हणजे पाच तारांची, म्हणतो.

प्रतिसाद (अभियंता, ठाणे)
‘फाइव्ह कोअर’ला माझा ठाम विरोध आहे, कारण थ्री फेज, न्यूट्रल आणि अर्थ मिळूनही पाचच कोअर होतात. युरोपीय पद्धतीच्या पाच कोअर केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ आणि डालीसाठी बहुधा काळी-करडी जोडी असते. आपल्याकडच्या जुन्या सवयीने मात्र काळी म्हणजे न्यूट्रल आणि निळी म्हणजे तिसरा फेज. अशा हाताला नुसता आकडा सांगून भागत नाही.

‘नियंत्रण’ या शब्दाचीही मला काळजी वाटते, कारण त्यावरून या तारा टेलिफोनच्या तारांसारख्या निरुपद्रवी वाटतात. डालीच्या जोडीवर साधारण १६ व्होल्टच असतात, तरी ती स्पर्शाला सुरक्षित धरली जात नाही. तिचे इन्सुलेशन मुख्य तारांच्याच तोडीचे असावे लागते, आणि म्हणूनच तिला २३० व्होल्टच्या शेजारी एकाच आवरणात राहता येते. नाव काहीही ठेवा, सूचनेत ‘पाचही तारा मुख्य विजेच्या समजाव्यात’ हे वाक्य अवश्य घाला.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा)
दोन व्यंजनांचे जोडाक्षर होते, तशी ही ‘जोडकेबल’ का होऊ नये? ‘नियंत्रण’ तर आपलेच आहे. ‘यंत्र’ आणि ‘नियंत्रण’ दोन्ही ‘यम्’ म्हणजे आवरणे या एकाच धातूकडे जातात. त्याला सोडून ‘कंट्रोल’ कशासाठी?

प्रतिसाद (विद्युत ठेकेदार, नाशिक)
बाई, रेशनच्या दुकानाला आमची आजी ‘कंट्रोल’च म्हणत असे, तेव्हा तो शब्द आता परका कसा मानावा? शिवाय ‘जोडकेबल’ म्हटले, तर मध्ये जोड दिलेली केबल असा अर्थ होईल, आणि तशी केबल आम्ही भिंतीत कधीच घालू देत नाही.

प्रतिसाद (दिवे-नियंत्रण तंत्रज्ञ, न्यू जर्सी)
इथे अमेरिकेत ० ते १० व्होल्टची मंदन-जोडी, म्हणजे दिवे मंद करणाऱ्या दोन तारा, पूर्वी जांभळी आणि करडी असे. करडी ही २७७ व्होल्टच्या न्यूट्रलचीही खूण असल्याने घोटाळा होई, म्हणून २०२२ पासून करडीच्या जागी गुलाबी आली. इथे ही जोडी बहुतेक वेळा कमी शक्तीच्या वर्गात मोडते आणि तिला मुख्य तारांपासून वेगळे ठेवावे लागते, म्हणून एकत्र केबलमध्ये तिच्याभोवती आणखी एक आवरण असते. आपल्या नावात आतल्या आवरणाचा उल्लेख आला, तर हे दोन प्रकार वेगळे ओळखता येतील.

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षिका, सातारा)
आवरणाचे आपण पुढे पाहू. नाशिककरांना मला एवढेच विचारायचे आहे, की केबलच्या सांध्याला आपली मुले ‘जॉइंट’ म्हणतात की ‘जोड’? ‘जॉइंट’ म्हणत असतील, तर ‘जोड’ हा शब्द मोकळाच आहे आणि ‘जोडकेबल’वरची आपली हरकत टिकत नाही.