विज्ञानकथेला तंत्रज्ञानाचं श्रेय द्यायचं तरी किती?

तर्कटराव
मोबाइलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, "हा तर 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली टीव्ही मालिका बघून सुचला!" मला हे श्रेयवाटप फार सैल वाटतं. मोटोरोलाच्या मार्टिन कूपरनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या फोनवर पहिला कॉल केला, हे खरं. किलोभर वजनाचा ठोकळा होता तो. पण शहराचे षटकोनी भाग पाडायचे आणि एका भागातली फ्रिक्वेन्सी लांबच्या भागात पुन्हा वापरायची, ही ज्यावर सगळं मोबाइल जाळं उभं आहे ती कल्पना बेल लॅब्ज या अमेरिकी दूरध्वनी-संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी १९४७ मध्येच कागदावर मांडली होती. मालिका आली १९६६ ला!

शिवाय जे खरं झालं नाही ते कुणी मोजतच नाही. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नने १८६५ मध्ये माणसांना तोफेत घालून चंद्राकडे उडवलं. त्याची आठवण काढताना 'चंद्र' तेवढा घेतात, तोफ सोयीस्करपणे विसरतात. ढीगभर भाकितं केली की दोनचार लागणारच, वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यासारखी. माझं म्हणणं एवढंच: विज्ञानकथा हौस लावते, रस्ता दाखवत नाही.

भटकी_उल्का
असहमत. कूपरनी नंतर स्वतःच खुलासा केलाय की आपल्या डोक्यात होता तो डिक ट्रेसी या गुप्तहेराच्या चित्रकथेतला मनगटी रेडिओ. म्हणजे मालिका गेली, चित्रकथा आली. कल्पित ते कल्पितच ना!

आणि 'हौस लावते' हे तुम्ही इतक्या तुच्छतेने का म्हणताय? अमेरिकेचा रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गोडार्ड सोळा वर्षांचा असताना त्याच्या हाती इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी पडली. पुढे १९३२ मध्ये त्याने वेल्सना पत्र लिहून तिचं ऋण कळवलं. रशियात रॉकेटशास्त्रज्ञ त्सिओलकोव्हस्कीने तर लिहूनच ठेवलंय की रॉकेटच्या विचाराचं पहिलं बी व्हर्नने पेरलं. दोन देश, दोन माणसं, एकमेकांशी संबंध नाही, आणि दोघांच्या मुळाशी गोष्टी. हा काय बोलाफुलाला गाठ म्हणायचा?

तर्कटराव
उल्काताई, त्या कादंबरीत रॉकेट नाहीच! मंगळवासी तोफेतूनच येतात. म्हणजे व्हर्न वाचा नाहीतर वेल्स, हातात तोफच. गोडार्डने १६ मार्च १९२६ ला पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजनवर जे रॉकेट अडीच सेकंद उडवलं, ते यातल्या कुठल्या पानावर होतं?

भटकी_उल्का
पानावर नव्हतं म्हणूनच त्याला करावंसं वाटलं, असंही म्हणता येईल. जायचं कुठे हे ठरल्याशिवाय कशाने जायचं याचा विचार कोण करतो?

अणुरेणू
रॉकेट, मोबाइल बाजूला ठेवा. यातलं सगळ्यात भक्कम उदाहरण अजून कुणी काढलेलंच नाही: भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड.

वेल्सने १९१४ मध्ये 'द वर्ल्ड सेट फ्री' ही कादंबरी काढली. तीत अणुबॉम्ब आहेत, याच नावाने. विमानातून हाताने टाकायचे, आणि एकदा फुटले की विझतच नाहीत, दिवसेंदिवस धगधगत राहतात. तांत्रिकदृष्ट्या सगळं चूक. झिलार्डने ती १९३२ मध्ये वाचली. पुढच्या वर्षी तो हिटलरच्या जर्मनीतून निसटून लंडनला आला. सप्टेंबरमध्ये पेपरात अणुशास्त्रज्ञ रदरफोर्डचं भाषण छापून आलं: अणूतून ऊर्जा काढण्याच्या गोष्टी म्हणजे निव्वळ भ्रम. झिलार्डला ते खटकलं. साउदम्प्टन रो या रस्त्यावर सिग्नलला थांबलेला असताना त्याच्या मनात आलं की एक न्यूट्रॉन (अणुकेंद्रातला कण) आत जाऊन दोन बाहेर पडतील असं मूलद्रव्य सापडलं, तर एकातून दोन, दोनातून चार अशी साखळी सुरू होईल. न्यूट्रॉन सापडून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

आता पुढचं बघा. १९३४ मध्ये त्याने या कल्पनेच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९३६ मध्ये ते ब्रिटिश नौदलाकडे सोपवलं, गुप्त राहावं म्हणून. का? तो स्वतः सांगतो, कादंबरी वाचलेली असल्यामुळे याचा परिणाम काय होईल हे मला ठाऊक होतं. उपकरण अस्तित्वात नाही, मूलद्रव्य माहीत नाही, आणि हा माणूस ते लपवायची व्यवस्था करतोय! ही नुसती हौस नव्हे, तर्कटराव.

तर्कटराव
उदाहरण उत्तम, पण अर्धंच सांगितलंत. वेल्सला हे सुचलं कुठून? फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाच्या रेडियमवरच्या पुस्तकातून. वेल्सने कादंबरी अर्पणच त्या पुस्तकाला केली आहे. मग श्रेय सॉडीला द्या, वेल्स मधला निरोप्या.

अणुरेणू
गंमत अशी की हाच सॉडी मॉन्ट्रियलला रदरफोर्डचा सहकारी होता. म्हणजे सॉडीला जे ठाऊक होतं ते रदरफोर्डला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी तो १९३३ मध्ये भ्रम म्हणतो. माहिती दोघांकडे सारखीच. फरक पडला तो निरोप्यामुळे.

नारायणगावची
या याद्यांत विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कना घुसवतात त्याचा मला राग येतो. भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहांची त्यांची १९४५ ची मांडणी 'वायरलेस वर्ल्ड' या तांत्रिक मासिकातला लेख होता, कथा नव्हे. त्या कक्षेचा हिशेबही त्याआधी पोटोचनिक या अभियंत्याच्या पुस्तकात येऊन गेलेला. वर क्लार्कना वाटत होतं की अंतराळ केंद्रात माणसं ठेवावी लागतील. १९६४ मध्ये सिन्कॉम-३ हा उपग्रह भूस्थिर कक्षेत गेला तेव्हा आत चिटपाखरू नव्हतं. आमच्याकडे आर्वीला सत्तरच्या दशकात उपग्रह केंद्राची ती अवाढव्य तबकडी उभी राहिली, तीही अभियंत्यांची मेहनत.
(तरी क्लार्कबद्दल आकस नाही. १९७५ मध्ये इस्रोने 'साइट' या उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगाचे कार्यक्रम बघायला त्यांच्या कोलंबोच्या घरी अँटेना बसवून दिली होती.)

बिनतारी
सगळे प्रेरणा, प्रेरणा करताय. चुकीची प्रेरणा घेणाऱ्यांचं काय? 'मेटाव्हर्स' हा शब्द १९९२ च्या एका कादंबरीतलं. तिथे अमेरिका मोडकळीला आलीय, सत्ता कंपन्यांच्या हातात आहे, आणि लोक आभासी जगात तोंड लपवतात. फेसबुकने २०२१ मध्ये कंपनीचं नावच त्यावरून 'मेटा' केलं! इशारा गाळला, खेळणं उचललं. झिलार्डच्या नेमकं उलट.

तर्कटराव
+१. हे मात्र आवडलं.

वाचनवेडी
मराठीचं काय? जयंत नारळीकर स्वतः खगोलशास्त्रज्ञ. लोकांपर्यंत विज्ञान पोचावं म्हणून त्यांनी कथा लिहिल्या, पेटंटसाठी नाही. त्या वाचून विज्ञानाकडे वळलेल्यांची मोजदाद कुठल्या तक्त्यात करणार? 'यंत्र निघालं का' हाच निकष लावला तर आपली विज्ञानकथा नापासच होणार, आणि निकष चुकीचा आहे.

तर्कटराव
वाचनवेडी, तो निकष माझा नाही, 'स्टार ट्रेकने मोबाइल दिला' म्हणणाऱ्यांचा आहे. त्यांनाच तर विरोध करतोय.

अणुरेणू, तुम्हाला शेवटचं. त्या साखळीसाठी झिलार्डने बेरिलियम बघितलं, इंडियम बघितलं, काही हाती लागलं नाही. युरेनियमचं विखंडन (अणू फुटून तुकडे होणं) १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनला सापडलं ते हान आणि स्ट्रासमन या रसायनशास्त्रज्ञांना. ते काही वेल्सच्या मागे लागलेले नव्हते. कादंबरी नसती तरी हा शोध लागलाच असता.

अणुरेणू
शोध लागला असता, मान्य. पण १९३९ च्या फेब्रुवारीत झिलार्डने पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ जोलिओ-क्युरीला पत्र पाठवलं: न्यूट्रॉन बाहेर पडतात असं दिसलं तर छापू नका, बॉम्ब होईल. त्या घटकेला इतर बहुतेकांना त्यात एक सुंदर प्रयोग दिसत होता. जोलिओने ऐकलं नाही, निष्कर्ष एप्रिलमध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून मोकळा झाला.