खासगी रुग्णालयाच्या बिलाची फोड मागण्यास कायदेशीर आधार कोणता?

कृष्णाकाठ
गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांची जिल्ह्याच्या ठिकाणी एका खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. दाखल करताना तोंडी सांगितलेला खर्च आणि घरी सोडताना हाती पडलेले बिल यांत बरेच अंतर आहे. बिलात ‘औषधे व साहित्य’ अशी एकच ओळ असून तिच्यापुढे मोठी रक्कम मांडलेली आहे. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवण्यासाठी बसवलेली जाळीदार नळी) कोणत्या कंपनीचा, त्याची किंमत किती, याचा उल्लेख कुठेच नाही. विचारले तेव्हा ‘आमच्याकडे पॅकेज असते, फोड मिळत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. उपचार उत्तम झाले, त्यांविषयी तक्रार नाही. परंतु रुग्णालयांचे दर ठरवून देणारा कायदा महाराष्ट्रात आहे का, आणि तपशील मागायचा तर कशाच्या आधारे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नियमवाचक
आपल्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे ठेवलेले बरे, कारण पहिल्याचे उत्तर निराशाजनक आहे आणि दुसऱ्याचे तसे नाही.

खासगी रुग्णालयाने किती दर आकारावा यावर महाराष्ट्रात सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा नाही. 2010 चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. त्याखालच्या 2012 च्या नियमांत दर दर्शनी भागात लावण्याबरोबरच ते सरकारने ठरवलेल्या मर्यादेत ठेवण्याचीही अट आहे. मात्र ती मर्यादा इतकी वर्षे ठरलीच नाही म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला खडसावले होते. आपल्याकडे चालतो तो 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आणि त्याचे 2021 चे सुधारित नियम. त्यांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, पण दर काय असावा याबाबत ते काही म्हणत नाहीत. करोनाकाळात, मे 2020 मध्ये, राज्य सरकारने साध्या खाटेसाठी दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये अशी कमाल मर्यादा घातली होती, ती साथीपुरतीच.

आता तपशिलाविषयी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत बाबनिहाय बिल मिळण्याचा हक्क स्पष्टपणे नोंदवलेला आहे. सनद म्हणजे कायदा नव्हे, असा प्रतिवाद रुग्णालय करू शकेल. परंतु आपल्या प्रकरणात त्याहून भक्कम आधार आहे तो स्टेंटचा. फेब्रुवारी 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने स्टेंटची कमाल किंमत ठरवली (तेव्हा साध्या स्टेंटसाठी 7,260 आणि औषधलेपित स्टेंटसाठी 29,600 रुपये, करांव्यतिरिक्त, पुढे त्यांत बदल होत गेले) आणि त्याच आदेशात असे बंधन घातले की रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक स्वतंत्रपणे लिहावेत. त्यामुळे ‘पॅकेज आहे’ हे उत्तर निदान स्टेंटपुरते तरी टिकत नाही. लेखी अर्जात नेमका हाच मुद्दा पहिला घ्यावा.

डॉ. माणदेशी
मी स्वतः लहान रुग्णालय चालवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. पॅकेज देणे मुळात गैर नाही. अनेक रुग्णांना एकच ठरलेला आकडा हवा असतो. मात्र त्यात काय धरले आहे आणि काय नाही, हे आधी लेखी द्यायला हवे. डॉक्टरने आपले शुल्क उपचारांपूर्वी सांगावे, उपचार सुरू झाल्यावर नव्हे, असे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच आहे. त्याच संहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. तेव्हा बिलाबरोबर तीही मागा. स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर सहसा केसपेपरवर किंवा डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले असते.

एक सावधगिरीची सूचना. फोड मिळाली म्हणजे रक्कम कमी होईलच असे नाही. कॅथेटर, बलून, गाइडवायर या अँजिओप्लास्टीच्या साहित्यावर छापील किंमत असते आणि तेवढी आकारणे बेकायदेशीर नाही. खरेदीची किंमत मात्र बऱ्याचदा तिच्याहून कितीतरी कमी असते. वर उल्लेखलेल्या किंमत निर्धारण प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,700 टक्क्यांहून अधिक आढळला होता. बिलाचा फुगवटा मुख्यतः इथे असतो, आणि त्यावर अजून कोणाचा फारसा अंकुश नाही.

कृष्णाकाठ
आपणा दोघांचे आभार. डिस्चार्ज कार्डावर स्टिकर आहे, बॅच क्रमांकही वाचता येतो. आणखी एक विचारतो: रुग्णालयाने लेखी उत्तरच दिले नाही तर दाद कोणाकडे मागायची? औषधे त्यांच्याच दुकानातून घेण्याची सक्ती झाली, त्याचे काय?

नियमवाचक
स्टेंटबाबत थेट किंमत निर्धारण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. दरपत्रक लावलेले नसेल तर नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे जावे. महापालिका क्षेत्रात तो महापालिकेचा आरोग्य विभाग असतो. औषधांच्या सक्तीविषयी मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः बंधनकारक आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले, म्हणून तो मुद्दा अर्जात असावा, पण सारा भार त्यावर टाकू नये. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहेच: तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. तेथे जाण्यापूर्वी अर्जाची पोच घेतलेली प्रत मात्र जवळ हवी. रुग्णालयाने पोच नाकारली तर अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा.