"सेन्सर लावा आणि विसरून जा" हे पटत नाही

तळपाणी:
परवा एकाने इथे ठणकावून लिहिलं की बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा) आपोआप चालणारा स्विच घरी जुळवायची गोष्ट नाही, चांगला इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावा आणि विसरून जा. हे "विसरून जा" डोक्यात गेलं. माझा दोन पिनांचा सेन्सर (पिनांमध्ये पाणी आलं की त्यातून वीज वाहते आणि पंप सुरू होतो) दोन वर्षं बिनबोभाट चालला. मग इंजिनाच्या गळक्या तेलाचा थर पिनांवर बसला. एका रात्री पाणी फळ्यांवर आलं तरी पंप गप्प! अंधारात चाचपडत पिना फडक्याने पुसल्या, तेव्हा सुरू झाला. आता वॉशिंग मशीनचा प्रेशर स्विच लावलाय. तळात फक्त उलटी नळी. पाणी चढलं की आतली हवा दाबली जाते आणि वर कोरड्यात बसवलेला पडदा स्विच दाबतो. तळात वीज नाहीच.

सुकाणू:
असहमत. तो स्विच एसीसाठी बनलेला. १२ व्होल्ट डीसीची मोटर त्यावर थेट चालवलीत तर ठिणगी विझत नाही, संपर्क चिकटतात. आणि नळीला बारीक भोक पडलं तर हवा निसटते, कुणाला पत्ताही लागत नाही.

तळपाणी:
मध्ये रिले आहे (मोटरचा मोठा प्रवाह तो सांभाळतो, स्विच फक्त त्याला इशारा देतो), लिहायचं राहिलं. नळीचं म्हणणं बरोबर. म्हणूनच दर महिन्याला बादलीभर पाणी ओतून बघतो.

डोलकाठी:
स्विच कुठलाही घ्या, दगा देतो तो तारांचा जोड. मी दोन फ्लोट स्विच (पाण्याबरोबर तरंगत वर येऊन पंप चालू करणारे) खराब समजून फेकले. तिसऱ्या वेळी तार सोलली तर आतलं तांबं हिरवंगार! कलई केलेली तार घ्या, क्रिंप करा (धातूच्या नळीत तारा घालून ती चेपा), वर गोंदवाली हीट-श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. सोल्डरवाल्यांनी (कथील वितळवून तारा जोडणाऱ्यांनी) बोटीला हात लावू नये.

वल्हेकरी:
हात लावू नये? वीस वर्षं सोल्डर करतोय, एक जोड सुटलेला नाही. साध्या पक्कडीने चेपलेले क्रिंप मात्र नुसत्या हाताने ओढून काढलेत.

डोलकाठी:
सोल्डर तारेच्या धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमकी त्याच कडेला तार तुटते. एबीवायसीचं (बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं) ई-११ हे विजेचं मानक वाचा, सोल्डर हा जोडाचा एकमेव आधार नको.

वल्हेकरी:
"एकमेव" नको म्हटलंय, वर्ज्य नाही म्हटलेलं! अर्धं वाचून लोकांना शिकवू नका.

सुकाणू:
अहो, चर्चा स्विचची आहे. पाणरेषेखाली ६० सेंटीमीटरवर २५ मिलीमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. पंपावर तासाला ४००० लिटर छापलेलं असतं, ते पाणी अजिबात वर चढवायचं नसताना; बोटीत त्याहून कमीच मिळतं. स्विच चालला तरी हा हिशेब सुटत नाही, म्हणून पाणी वाढल्याचा भोंगा वेगळ्या फ्लोटवर हवाच. आणि ऑटोची तार (पंप आपोआप चालवणाऱ्या स्विचची) मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह घ्या. बोट बंद करून गेलात तरी पंप जागा राहिला पाहिजे.

डोलकाठी:
हे शंभर टक्के. पण त्या तारेलाही जोड असणारच.

वल्हेकरी:
आत्ता बादली ओतून आलो. फ्लोट वर आला, पंप ढिम्म. जोड कापून बघितला. सोल्डर चकचकीत आहे. तार त्याच्या अगदी कडेला, आवरणाच्या आत तुटलीये. बाहेरून काही दिसत नव्हतं. क्रिंप करतो, पण जोड तळातून वर उचलून.

डोलकाठी:
थरथर थांबावी म्हणून तार जोडाजवळ कुठे बांधलेली होती का?

वल्हेकरी:
नाही, मोकळी लोंबत होती.