जुना लॅपटॉप दुरुस्त करावा की रिफर्बिश्ड (दुकानात नीट करून विकलेला वापरलेला) घ्यावा? अनुभव लिहा

टिळकवाडी: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून बेळगावात घरोघरी हाच विषय. आधी प्रोसेसर बघा. इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा असेल तर विंडोज ११ चालतं, दुरुस्ती परवडते. त्याआधीचा असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, जास्त पैसे घालू नका. हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे चिपवाली वेगवान डिस्क, घातली की मशीन पळतं.

खानापूरकर: एम.२ (पट्टीसारखी छोटी एसएसडी) असेल तर जपून अण्णा. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार, दिसायला सारखे, पण साटाच्या स्लॉटात एनव्हीएमई ओळखतच नाही. रॅमचंही तसंच. डीडीआर३एल (कमी व्होल्टची डीडीआर३ रॅम) १.३५ व्होल्टची, साधी डीडीआर३ १.५ ची. एल लागणाऱ्या बोर्डात साधी घातली की स्क्रीन काळीच.

निपाणी_वखारभाग: तंबाखूची धूळ पंख्यात बसते, मग तापून आपोआप बंद पडतं. बोर्ड गेला म्हणून टाकून देऊ नका! हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा भाग) काढून साफ करा, त्याखालची वाळलेली थर्मल पेस्ट पुसा, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा.

चिकोडी_मावशी: टचपॅड वर आलाय. चालतंय की अजून?

खानापूरकर: नको मावशी! बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, बंद करा, दाबू नका, टोचू नका. दुकानदाराकडनंच काढून घ्या.

हल्याळ: बिजागरीपाशी कड् आवाज येत असेल तर पितळी नट प्लास्टिकातून उपटलेत. झटपट चिकटणारा गम ठिसूळ, परत निघतो. इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा पक्का गम) लावा, नाहीतर कव्हरच बदला.

टिळकवाडी: बोर्डवर पाणी सांडलेलं असेल तर मात्र रिफर्बिश्डच बरं. आज चालू केलं तरी आतला गंज थांबत नाही. घेताना दुकानातच विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडा. सेटअपमध्ये कुठल्या कंपनीचं नाव आलं तर मशीन अजून त्यांच्या ताब्यात आहे, घेऊ नका. बायोसला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड असला तरी परत द्या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport टाइप करून बॅटरीचा रिपोर्ट काढा. त्यातला फुल चार्जचा आकडा डिझाइनच्या, म्हणजे बॅटरी नवी असतानाच्या, आकड्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बिलावर सिरियल नंबर हवाच.

संकेश्वर_वैनी: पंचायतीच्या नुडीतल्या (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या) कन्नड फायली नव्यावर उघडतील ना?

हल्याळ: उघडतील वैनी, पण जुने नुडी फाँट युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरपद्धत) नव्हेत. फाँट्स फोल्डरातनं तेही पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर अक्षरं भलतीच दिसतात. श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या मराठी फायली असतील तर त्यांचेही फाँट घ्या.