‘बरं’ आणि पुढची दांडी

शब्द अगदी रोजचा आहे, ‘बरं’. त्याचा अर्थ विचारायचा नाहीये, त्याच्यापुढे जे लावतो त्याचा विचारायचाय.

परवा संध्याकाळी बायकोचा मेसेज आला, ‘ऑफिसात उशीर होतोय, तू जेवून घे’. मी लिहिलं ‘बरं।’ आणि सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, थंडी होती म्हणून तिच्यासाठी गराडू (तळून मसाला लावलेला कंद) बांधून आणले, म्हणजे बघा मनात काही असतं तर आणले असते का. ती आली ते गप्पच. गराडू थंड होऊन राहिले, मसाला कागदाला चिकटला, आणि अकरा वाजता कळलं की गुन्हा त्या उभ्या दांडीचा होता. ‘नुसतं बरं लिहिलं असतंस तरी चाललं असतं, पण पुढे दांडी ठोकलीस, म्हणजे विषय बंद.’

आता माझी शाळा हिंदी माध्यमाची, इथे इंदूरला आमच्यासारख्या कितीतरी मराठी घरांत असंच, घरात मराठी आणि शाळेत हिंदी. फोनवर कीबोर्डही हिंदीच आहे, वाक्य संपलं की बोट आपोआप दांडीवर जातं, त्यात राग-बिग काही नसतो. ती पुण्याची, तिला पूर्णविरामाच्या टिंबाची सवय. मी म्हटलं अगं आमच्याकडे दांडी म्हणजे तुमचं टिंबच, तर म्हणे टिंब तरी कुठे देतं कोणी ‘बरं’ला.

हे मात्र खरंय. आणि खरी भानगड ‘बरं’चीच आहे. रामबागेतल्या घरी आजी लांबवून ‘बरंऽऽ’ म्हणायची तेव्हा ती ऐकत नाहीये हे सगळ्यांना कळायचं. तेच तोडून ‘बरं’ म्हटलं की काम होणार. ‘बरं बरं’ म्हणजे पुरे तुझं. ‘बरं का’ म्हणजे कान इकडे कर. ‘बरं मग’ म्हणजे पुढे बोल. ‘बरं झालं’ हे तर आनंदानेही म्हणतात आणि खवचटपणेही, आणि ‘बरं नाहीये’ म्हटलं की थेट ताप. एवढं सगळं गळ्यातून निघतं, फोनवर पोचतात ती दोन अक्षरं. मग वाचणारा बिचारा जे हाताला लागेल त्यातून सूर काढतो, टिंब असो की दांडी.

तर विचारायचं हे की मराठीत टिंबाला असा सूर पहिल्यापासून होता का फोनने आणला?

प्रतिसाद

पहिल्यापासून कुठला, टिंबच पहिल्यापासून नव्हतं. मोडीतली जुनी पत्रं बघा, आधी वर आडवी रेघ ओढायची आणि खाली सलग लिहीत सुटायचं, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धतही नव्हती. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं ते कळायचं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं, ‘पाठविले’ आलं की संपलं. पत्र संपवायला ‘कळावे, लोभ असावा’ होतंच. स्वल्पविराम-पूर्णविराम छापखान्याबरोबर इंग्रजी वळणाने आले, मेजर थॉमस कँडीने त्यावर ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली ती १८५० साली.

म्हणून माझं म्हणणं असं की लांब वाक्याच्या शेवटी टिंब दिलं तर कोणाचं लक्षही जात नाही. पण एका शब्दाचा मेसेज, तो पाठवला तिथेच संपला, तिथे टिंबाला काही कामच नाही. बिनकामाचा माणूस दारात उभा दिसला की आपण विचारतोच ना, हा का आलाय. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांना असेच एका शब्दाचे जबाब दाखवले होते, पुढे टिंब असलेला जबाब त्यांना कमी मनापासून दिलेला वाटला. गंमत म्हणजे तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर फरक पडला नाही. तेव्हा तुमच्या घरचं भांडण जुनं-नवं नाही, फोनचं आहे.

आणखी एक

टिंबाचं सोडा, आमच्याकडे प्रश्नचिन्हाने घोळ होतो. नवरा दुपारी लिहितो ‘जेवलीस’. नुसतं. बोलताना शेवट वर चढतो म्हणून प्रश्न कळतो, लिहिलं की आरोप वाटतो, मला सोडून जेवलीस! निदान ‘का’ तरी लाव म्हटलं, तर त्याने ‘का’ कुठे लावावा. मी लिहिलं होतं आईला आज बरं वाटत नाहीये, त्याचा उलट मेसेज, ‘त्यांना घरी आणू नको का’. आता हे ‘आणू नको, का?’ आहे, म्हणजे मला आणू नको सांगून वर ‘कशाला’ असं विचारतोय, की ‘आणू नको का?’, म्हणजे आणायची तयारी आहे? मी पहिलं धरून बसले, तो बिचारा गाडी काढून खाली उभा. शाळेत ‘रोको मत जाने दो’ शिकलेलो सगळे, स्वल्पविराम कुठे द्यायचा ते परीक्षेत लिहून मार्क पण घेतलेत.

आणि सासरे प्रत्येक मेसेजच्या शेवटी तीन टिंबं देतात, ‘पोचलो…’. पहिलं वर्षभर मला वाटायचं की काहीतरी लपवून राहिलेत. ते फक्त दम खातात.

मूळ लेखक

‘का’चं भारी आहे, आमच्याकडे पण झालंय. बाकी टिंबाला काम नाही म्हणून ते टोचतं हे पटलं, बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली बघ भिया, मोडीवाल्यांना पण कळत होतं. (भिया म्हणजे इंदुरी ‘भैया’, ती फक्त मला चिडवायला म्हणते.)

तेव्हापासून मी ‘बरं’ लिहून पुढे काही म्हणजे काहीच देत नाही, ना दांडी ना टिंब. तर आज दुपारी तिचा मेसेज, ‘बरं काय’. पुढे प्रश्नचिन्ह नाही. घंटाभर झाला बघत बसलोय, हे विचारलंय की सुनावलंय?