गर्दीत ठीक, हायवेवर काटा लाल पट्ट्यात: जुन्या गाडीचं दुखणं नक्की कुठे?

प्रश्न

गाडी पंचवीस वर्षं जुनी आहे. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवालं, रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन. गर्दीत तासभर चालवली तरी तापमानाचा काटा मध्यावर राहतो. मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या वेगाने वीस मिनिटं झाली की चढायला लागतो, आणि चढ लागला तर थेट लाल पट्ट्यापाशी जातो. वेग ५० वर आणून हीटर पूर्ण चालू केला की काटा उतरतो. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप), रेडिएटरची ०.९ बारची कॅप आणि कूलंट हे सगळं नुकतंच बदललंय. महिन्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतं, पण खाली थेंब दिसत नाही. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय का? थर्मोस्टॅट काढूनच टाका, असंही सांगतात.

प्रतिसाद १

गॅस्केटवर एवढ्यात जाऊ नका. गाडी कधी तापते, हाच इथला सगळ्यात मोठा पुरावा आहे. उभ्या गाडीत तापली तर आधी फॅन, त्याचा स्विच आणि रिले बघायचे. वेगात फॅनचं काम समोरून येणारी हवाच करते, त्यामुळे तुमच्या गाडीत फॅनवर संशय घ्यायचं कारण नाही. वेगात तापते म्हणजे इंजिन जितकी उष्णता तयार करतंय, तितकी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, किंवा पाणीच पुरेसं फिरत नाही. हीटर सोडल्यावर काटा उतरतो, हेही याच्याशी जुळतं, कारण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. काटा वर असताना हीटरमधून गार हवा आली असती, तर मात्र पाणी कमी आहे किंवा हवा अडकलीय असं म्हटलं असतं.

आता मोजमाप. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो चुकीचा आकडा देतो, म्हणून काळ्या रबरावर किंवा काळी टेप चिकटवून वाचा. गाडी हायवेवरून आल्या आल्या इंजिन २,५०० आरपीएमवर धरून वरच्या आणि खालच्या होस पाइपचं तापमान घ्या. फरक जेमतेम ३-४ अंश असेल तर पाणी फिरतंय, पण उष्णता हवेत जात नाही: रेडिएटरच्या पातळ पत्र्याच्या पंख्या (फिन्स) गंजल्यात, किंवा एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ-किडे बसलेत. फरक २५-३० च्या पुढे असेल तर पाणी फार हळू फिरतंय. मग रेडिएटरच्या जाळीचं तापमान बोटभर अंतराने वाचत जा. तुंबलेल्या नळ्या आजूबाजूपेक्षा गार लागतात. इंजिन बंद असलं तरी इलेक्ट्रिक फॅन अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे जाळी वाचण्याआधी त्याचा फ्यूज काढा.

प्रतिसाद २

थर्मोस्टॅट कृपया काढू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची चकती बायपासचा रस्ता बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. तुमच्या तक्रारीत गाडी आणखी तापेल.

अर्ध्या लिटरचा शोध वेगळा घ्या. इंजिन थंड असताना प्रेशर टेस्टर लावून ०.९ बार द्या आणि वीस मिनिटं थांबा. टेस्टरचा काटा पडला तर टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक बघा. सील गेलं की तिथून पाझरतं, पण गरम इंजिनावर थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतो आणि कूलंटच्या रंगाची खपली मागे राहते. हीटर कोअरखालचा (हीटरच्या छोट्या रेडिएटरखालचा) गालिचाही चाचपा.

गॅस्केटची शंका सोपी चाचणी मिटवते. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा आणि मिनिटाच्या आत वरचा होस दाबा. थंड असतानाच तो टणक झाला तर तो दाब वायूचा, म्हणजे गॅस्केट संशयित. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टरचं (रेडिएटरच्या तोंडावरचा वायू तपासणाऱ्या साधनाचं) निळं द्रव वापरा. ते पिवळं झालं तर जळालेला वायू पाण्यात येतोय.

प्रश्नकर्ता

मोजलं. वरचा होस ९८, खालचा ६४. जाळीचा उजवीकडचा खालचा तिसरा हिस्सा ४० च्या आसपास. ३,००० आरपीएमला खालचा होस चपटा होतो. पंपाखाली हिरवट खपली आहे. निळं द्रव निळंच राहिलं.

प्रतिसाद १

मग चित्र स्पष्ट आहे. ३४ अंशांचा फरक आणि गार पट्टा म्हणजे नळ्या क्षारांनी तुंबल्यात. फक्त होस बदलून थांबू नका. पंप ओढतोय आणि समोरून पाणी येत नाही, म्हणून होस चपटा होतो. नवा, आतून स्प्रिंग असलेला होस घातला तर चपटेपणा जाईल, पण गाडी तशीच तापेल. पितळ-तांब्याचा रेडिएटर असेल तर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा, प्लास्टिक टाक्यांचा असेल तर सरळ बदला. फ्लशच्या औषधाने पूर्ण बंद झालेल्या नळ्या उघडत नाहीत, कारण औषध उघड्या नळ्यांतूनच वाहतं.

पंपाखाली खपली आहे म्हणजे सील गेलंय, त्यामुळे पंप तर बदलावाच लागेल. काढल्यावर त्याची पाती नक्की बघा. जुन्या पंपांत ती गंजून अर्धी झालेली सापडतात.

प्रतिसाद ३

एक गोष्ट राहिली. डिस्ट्रिब्युटर आहे तर व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा पडदा तपासा; इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगी लवकर पाडायचं काम तो करतो. नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर पडदा फाटलाय. मग स्थिर वेगात ठिणगी उशिरा पडते आणि जास्तीची उष्णता पाण्यात उतरते. बंपरखालचा प्लास्टिकचा पदर आणि रेडिएटरच्या कडेची फोमची पट्टी जागेवर आहे ना, तेही बघा. ती नसली की हवा जाळीतून न जाता बाजूने निसटते.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको, क्षार त्यातूनच येतात. गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी ठेवून थंड इंजिन सुरू करा. वरचा होस एकदम तापला की थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, मगच कॅप लावा. पातळी दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना पुन्हा बघा. गरम असताना कॅपला हात लावू नका. शेवटी त्याच २,५०० आरपीएमवर, त्याच जागांवर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका.